म्हातारा बैल कोणाच्या दावणीला?

मुखेड, कंधार, लोहा हा लालकंधारी जनावरांचा मुलूख. ही जात जपली ती कोरडवाहू शेतकऱ्याने, सालगड्याने, गुराख्याने. गोरक्षणाची भाषणे ठोकणाऱ्यांनी नव्हे.

बैल थकला की बाजारात विकायचा, त्या पैशात भर घालून गोऱ्हा आणायचा, हे या शेतीचे साधे गणित. गोहत्याबंदी आधीपासूनच होती. मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्या कायद्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. कत्तलीसाठी राज्याबाहेर नेण्यासही मनाई. थकलेल्या बैलाचे मोलच संपले. आयर्लंडचा शेतकरी मांसासाठी उघडपणे गुरे पाळतो, त्यावर घर चालवतो. आपल्याकडे मात्र गिऱ्हाईकच गुन्हेगार ठरले!

३० सप्टेंबर २०२४ रोजी सरकारने देशी गाईला 'राज्यमाता' केले आणि गोशाळांना गाईमागे रोज ५० रुपये देण्याचे ठरवले. मग दोन एकरवाल्याच्या दावणीतल्या म्हाताऱ्या बैलाच्या कडब्याचे काय?

गोमांसाचा प्रश्न अस्पृश्यतेशी कसा जोडलेला आहे, हे बाबासाहेबांनी १९४८ सालीच 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडले. मेलेले ढोर ओढायला आमचे बापजादे चालत होते. आता जिवंत बैल विकायला आम्हालाच बंदी!

सरकारने थकलेला बैल बाजारभावाने विकत घ्यावा, नाहीतर बैलावरची बंदी उठवावी. बांधवांनो, मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला गोठ्यात न्या आणि हाच सवाल करा.