गळक्या छपराखालची बादली

आमच्याकडे एक स्क्रिप्ट होती. दर ८ तासांनी जागी व्हायची, चालू असलेलं मॉडेलचं ट्रेनिंग बंद पाडायची आणि शेवटच्या चेकपॉइंटपासून पुन्हा सुरू करायची. लेखक: अस्मादिक. डेटा लोड करणारा भाग मेमरी खात सुटायचा आणि दहाएक तासांत मशीन मान टाकायचं, त्यावर हा उतारा. वीस मिनिटांत लिहिली, वर शाबासकीही मिळाली.

पुढे डेटा वाढला. आठाचे सहा झाले, सहाचे चार. मी दुसऱ्या कामावर गेलो आणि स्क्रिप्ट टीममधल्या एका नव्या मुलीच्या गळ्यात पडली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती गावाहून, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, मेलेलं ट्रेनिंग उठवत बसली होती. तक्रार काहीच नाही. सुट्टीनंतर एवढंच विचारलं, "हे चार तास कुठून आले?" काय सांगणार, कप्पाळ!

मग चार दिवस मागून घेतले आणि दोघं शोधायला बसलो.

गंमत म्हणजे, नेहमीच्या अर्थाने तो लीक नव्हताच. मेमरी घेऊन परत द्यायला कोणी विसरलं नव्हतं. आमचा पायटॉर्चचा डेटालोडर फोर्क करून ८ वर्कर काढायचा. फोर्क केल्यावर लिनक्स लगेच प्रती काढत नाही; मूळ प्रोसेसची तीच पानं सगळे वाचतात. जो एखाद्या पानावर लिहील, त्याला तेवढ्या पानाची, म्हणजे सहसा ४०९६ बाइट्सची, वेगळी प्रत. वाचनालयाचं एकच पुस्तक आठ जणांनी वाचावं, तसं. आम्ही निश्चिंत होतो, कारण आमचे वर्कर तर नुसते वाचतात!

मेख इथेच आहे. पायथनच्या ऑब्जेक्टच्या डोक्यावर एक आकडा असतो: याला सध्या किती जण धरून आहेत. नुसतं वाचायला हातात घेतलं तरी तो आकडा बदलतो. म्हणजे वाचणं हेच लिहिणं! वाचनालयाच्या कादंबरीत पानोपानी पेन्सिलीने खुणा करणारे वाचक आठवा... तेच हे. आमची २० लाख नोंदींची यादी पायथनच्या डिक्शनऱ्यांची, जवळपास ३ जीबी. वर्कर वाचत जातील तसतशा प्रती निघणार. आठ त्रिक चोवीस, मूळचे ३ धरून २७. मशीन ३२ जीबीचं. बाकीचा संसार उरलेल्या ५ मध्ये कसा मावणार?

दुरुस्ती पंधराएक ओळींची. सगळ्या नोंदी बाइट्स करून नमपायच्या एका सलग ॲरेमध्ये भरल्या आणि कुठली नोंद कुठे सुरू होते ते दुसऱ्या ॲरेत ठेवलं. आता आकडे बदलणार ते दोन ऑब्जेक्टचे, वीस लाखांचे नाहीत. मेमरीची रेघ आडवी झाली. लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे: हा इशारा डेटालोडरच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये चक्क लिहिलेला आहे. मी वाचलाच नव्हता, कारण रीस्टार्टवर भागत होतं.

माझं म्हणणं एवढंच, की रीस्टार्ट वाईट नाही. छप्पर गळायला लागलं की आधी बादलीच ठेवतात. भर पावसात कोणी कौलं शाकारायला चढत नाही. पण मग बादलीची सवय होते. ती किती तासांनी ओतायची याचं वेळापत्रक बनतं, आणि ओतणारा माणूस बदलला की ते वेळापत्रक कशासाठी होतं हेच विसरलं जातं.

याचं टोकाचं उदाहरण आखाती युद्धातलं. अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेत दोष मेमरीचा नव्हता, वेळ मोजण्यातला होता. पण सलग चालू राहिलं की बिघाड वाढत जायचा, तो असाच. फार वेळ चालू ठेवू नका अशी सूचना होती, पण 'फार' म्हणजे किती हे त्यात नव्हतं. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियात दहरानची यंत्रणा १०० हून जास्त तास चालू होती. येणारं स्कड क्षेपणास्त्र तिने अडवलंच नाही आणि २८ अमेरिकी सैनिक गेले. दुरुस्त सॉफ्टवेअर तिथे पोचलं दुसऱ्या दिवशी.

आमच्याकडे कोणाचा जीव जात नाही, मान्य. "चार दिवस घालवून फायदा काय?" हा मॅनेजर लोकांचा प्रश्नही रास्त आहे. पण मग हिशोब दोन्ही बाजूंनी मांडा की राव! दर रीस्टार्टला चेकपॉइंटनंतरचं काम वाया, रात्रीची जागरणं आणि एका पोरीची दिवाळी. माझ्या वीस मिनिटांची नोंद टाइमशीटमध्ये आहे, हे सगळं कुठेच नाही.

असो. हल्ली मी रीस्टार्टची स्क्रिप्ट लिहिलीच, तर पहिल्या तीन ओळी ठरलेल्या: कशासाठी, कोणी लिहिली आणि कधी काढायची.

जुनी स्क्रिप्ट मात्र मी काढली नाही. तो मान तिचा होता. तिने ती शांतपणे डिलीट केली, आणि आम्ही खाली चहाला गेलो.