रेकॉर्डिंगचं बटण प्रेक्षकाच्या हाती हवं

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला आणि घरोघरचे कितीतरी धडधाकट संगणक एका दिवसात जुने ठरले. विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही, म्हणून ते माळ्यावर जातात किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर. त्यांतला एखादा टीव्हीशेजारी ठेवावा, त्यावर फुकट मिळणारं लिनक्स टाकावं आणि त्याला एकच काम द्यावं: हवं ते रेकॉर्ड करायचं, जपायचं आणि मागू तेव्हा दाखवायचं.

मोबाइलवर सगळं मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं कोणीही विचारेल. पण सगळं मिळतं ते कोणाच्या मर्जीनं? ‘विलो’ ही मालिका डिस्नी प्लसवर नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि मे २०२३ मध्ये काढून टाकली गेली. सहा महिन्यांचं आयुष्य. दरमहा पैसे भरणाऱ्याला ती पुन्हा पाहायची तर त्याच्या हाती काहीच उरलं नाही. डीटीएचच्या रेकॉर्डिंगवाल्या बॉक्सचीही तीच गत आहे. बॉक्स घरात, डिस्क घरात. पण साठवलेला कार्यक्रम त्याच बॉक्सला जखडलेला असतो आणि कनेक्शन सोडलं की वर्षानुवर्षांचं रेकॉर्डिंग बंद पडतं. ज्या वस्तूचे पैसे आपण मोजले, तिच्यावर हक्क मात्र दुसऱ्याचा, हे प्रेक्षकांनी फार सहज मान्य केलं आहे.

टीव्हीला संगणक जोडण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये टीव्हीचे कार्यक्रम डिस्कवर साठवणारा टिव्हो हा बॉक्स आला. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली आणि त्याच वर्षी आयझॅक रिचर्ड्स या प्रोग्रॅमरनं मिथटीव्ही हे टीव्ही रेकॉर्ड करणारं मुक्त सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी हौशी मंडळींनी केलेला प्लेयर २०१४ पासून कोडी या नावानं ओळखला जातो. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये, विंडोज १० आणताना, आपलं मीडिया सेंटर गुंडाळलं. मिथटीव्ही आणि कोडी आजही चालू आहेत. घरात वीस वर्षं टिकेल असं काही उभारायचं असेल तर कोणत्या सॉफ्टवेअरवर विसंबावं, हे यातून पुरेसं स्पष्ट होतं.

महाराष्ट्रातल्या घराला या कामासाठी एक मोठी सोय आहे, ती म्हणजे डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झालेल्या या सेवेला मासिक भाडं नाही. सह्याद्री वाहिनी तिच्यावर आहे आणि बहुतेक वाहिन्यांना कुलूप नाही. संगणकाला डीव्हीबी-एस२ जातीचा, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल घेणारा, ट्यूनर लावायचा, गच्चीवरच्या छत्रीला दोन तोंडांचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा डोळा, बसवायचा, एक केबल नेहमीच्या सेट टॉप बॉक्सला आणि दुसरी ट्यूनरला. टीव्हीहेडएंड हे मोफत सॉफ्टवेअर वाहिन्या शोधून वेळापत्रकाप्रमाणे रेकॉर्ड करतं, कोडी ते टीव्हीवर दाखवतं. उपग्रहाच्या एकाच ट्रान्सपाँडरवरून अनेक वाहिन्या एका गठ्ठ्यात खाली येतात. साधा सेट टॉप बॉक्स त्या गठ्ठ्यातली एक वाहिनी उचलतो आणि बाकीच्या सोडून देतो. संगणक मात्र त्या गठ्ठ्यातल्या दोन, तीन, चार वाहिन्या एकाच ट्यूनरवर एकाच वेळी साठवू शकतो. आजीची मालिका आणि नातवाची मॅच यांचं भांडण तिथेच मिटतं.

साध्या दर्जाच्या वाहिनीचं रेकॉर्डिंग तासाला एक ते दोन जीबी जागा घेतं. म्हणजे दोन टीबीच्या डिस्कवर हजारेक तास सहज मावतात. विजेचा हिशेबही पाहायला हवा. ५० वॅट खाणारा जुना डेस्कटॉप चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला ३६ युनिट जळतात. १० वॅटवर चालणारा छोटा संगणक सातेक युनिटमध्ये भागवतो. लॅपटॉपही डेस्कटॉपपेक्षा कमी वीज खातो, म्हणून जुना लॅपटॉप बरा. त्याची बॅटरी अजून तग धरत असेल तर आणखी उत्तम, कारण लाइट गेली तरी अर्धवट रेकॉर्ड झालेली फाइल बिघडत नाही.

पण या यंत्राचं सगळ्यात निकडीचं काम टीव्हीच्या कार्यक्रमांचं नाहीच. ते आहे कपाटातल्या व्हीएचएस कॅसेटचं. लग्नं, मुंजी, साठीशांती, गावच्या जत्रेतलं नाटक, आज हयात नसलेल्या माणसांचे आवाज, हे सगळं त्या काळ्या पट्टीवर आहे आणि दर पावसाळ्यात थोडंथोडं जातं आहे. व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची मोठी कंपनी. तिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता जगात जे व्हीसीआर आहेत ते झिजतच जाणार.

कॅसेट हातात घेतल्यावर आधी तिची झडप उघडून पट्टी उजेडात पाहावी. कडेनं पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. कोकणपट्टीत आणि मुंबईत ती सर्रास आढळते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नये, कारण बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. ती साफ करणाऱ्या माणसाकडेच द्यावी. चांगली कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्यावी, मग व्हीसीआरची पिवळी, पांढरी आणि लाल पिन यूएसबी कॅप्चरच्या डबीत खोचावी. चित्र ७२० बाय ५७६ मापाचं, सेकंदाला २५ फ्रेम. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास बसावंच लागतं. जुन्या पट्टीचा सिग्नल डळमळतो. स्वस्त डबी मग मधल्या फ्रेम गाळते आणि हळूहळू ओठ आणि आवाज यांची फारकत होते. दर वीस मिनिटांनी हे तपासत राहावं. चित्रावर आडव्या रेषांचे दात दिसले तरी रेकॉर्ड करताना ते पुसायला जाऊ नये. मूळ जसं आहे तसं साठवावं. दात काढण्याचं काम प्लेयर दाखवताना करतो. आणि प्रत एकाच डिस्कवर ठेवून निर्धास्त राहू नये, दुसरी एखाद्या नातेवाइकाच्या घरी असावी.

घरगुती रेकॉर्डिंगला हौस म्हणून हसणाऱ्यांनी फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांचं काम पाहावं. पूर्वी ग्रंथपाल असलेल्या या बाई तीसहून अधिक वर्षं घरातल्या अनेक व्हीसीआरवर टीव्हीच्या बातम्या रात्रंदिवस टिपत राहिल्या. डिसेंबर २०१२ मध्ये त्या गेल्या तेव्हा मागे सत्तर हजारांच्या आसपास कॅसेट होत्या. तो साठा आज इंटरनेट अर्काइव्हकडे आहे. बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकांत टेप पुसून पुन्हा वापरल्या आणि ‘डॉक्टर हू’चे शंभरेक भाग गमावले; त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र वाचला, कारण काही प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. सुरुवातीच्या त्या वर्षांत मराठी घरांत रेकॉर्डिंगचं साधनच नव्हतं. आज ते माळ्यावर पडून आहे.

कायद्याची भीती अनेकांना वाटते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये सोनीच्या बीटामॅक्स खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी टिपून ठेवणं वैध ठरवलं. भारताच्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापरासाठीच्या न्याय्य वापराला हक्कभंग मानत नाही. घरच्यांसाठी घरी केलेलं रेकॉर्डिंग याच भावनेत बसतं. ते विकणं, वाटणं किंवा नेटवर चढवणं बसत नाही. हक्कभंगासाठी डिजिटल कुलूप फोडणं तर २०१२ च्या दुरुस्तीपासून गुन्हाच आहे. ही रेघ ओलांडू नये.

म्हणूनच कुलूप लावणाऱ्यांवरही बंधन हवं. कोणत्याही कंपनीची सेवा कोणत्याही सेट टॉप बॉक्सवर चालावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक ट्रायनं २०२० मध्ये केली. भारतीय मानक ब्यूरोनं २०२२ मध्ये अंगभूत सॅटेलाइट ट्यूनर असलेल्या टीव्हीचं मानक जाहीर केलं. माहिती व प्रसारण मंत्रालयानं या दोन्हींच्या जोडीला प्रेक्षकाचं रेकॉर्डिंग कुठल्याही यंत्रावर चाललं पाहिजे अशी अट घालावी. तोवर नवा टीव्ही घ्यायला जाणाऱ्यानं दुकानात दोनच प्रश्न विचारावेत: आत सॅटेलाइट ट्यूनर आहे का, आणि यूएसबीवर केलेलं रेकॉर्डिंग दुसऱ्या टीव्हीवर किंवा संगणकावर चालतं का? दुकानदार ‘नाही’ म्हणाला तर पैसे खिशात ठेवून पुढचं दुकान गाठावं.