फीत कापल्यानंतरचा खर्च

मरीन ड्राइव्हवर 2018 साली एक शौचालय सुरू झालं. खर्च सुमारे 90 लाख रुपये. छतावर सौर पॅनेल, विमानात असते तशी पाणी वाचवणारी व्हॅक्यूम यंत्रणा, समोर अरबी समुद्र. पैसा कंपन्यांच्या सामाजिक निधीतला होता, तरी मुंबईकरांनी तोंडात बोटं घातलीच. एवढ्यात विरारला फ्लॅट येतो!

बांधकामाचा आकडा डोळ्यांत भरतो, पण तो खर्च एकदाच होतो. शिवाय त्याला वाली असतो. आमदार निधी मिळतो, नारळ फुटतो, पाटी लागते. फिनेलच्या कॅनवर कुणाला नाव घालता येत नाही, ही खरी अडचण.

सरकारी निकष सांगतो की सामुदायिक शौचालयात 35 पुरुषांमागे एक आणि 25 बायकांमागे एक सीट असावी. म्हणजे निकष तंतोतंत पाळला तरी सकाळच्या दोन-तीन तासांत एकेका दारापुढे रांग लागणारच. आधी कडी निखळते आणि तिच्या जागी सुतळी येते. मग नळाची तोटी जाते, मग बल्ब. ही दुरुस्ती शे-दोनशे रुपयांची, पण ते पैसे कुणाच्या खिशातून जायचे हे ठरलेलं नसतं.

मुंबईत 1990च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने वस्ती स्वच्छता कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा याचं उत्तर शोधलं गेलं होतं. बांधकाम महापालिकेचं, देखभाल वस्तीतल्या संस्थेची. प्रौढ माणसामागे 100 रुपये आधी गोळा करायचे, पुढे कुटुंबाचा मासिक पास. दाराशी टेबल, त्यावर गल्ल्याचा डबा आणि पासची वही, शेजारी केअरटेकरची खोली. पासची सोय नसेल तर हिशेब कसा चालतो तेही पाहावं: पाच माणसं, दिवसातून दोन खेपा, खेपेला दोन रुपये. महिन्याचे 600 झाले. घरकाम करणाऱ्या बाईला हा आकडा झेपत नाही. मग पोरांना उघड्यावर बसवलं जातं.

बायकांचं दुखणं आणखी वेगळं. पुरुषांना लघवीला पैसे पडत नाहीत, बायकांकडून मात्र घेतले जातात, म्हणून 2011 साली मुंबईत ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली.

सगळ्यात दुर्लक्षित खर्च जमिनीखाली असतो. मलनिस्सारण वाहिनी नसलेल्या वस्तीत टाकी वेळच्या वेळी उपसावी लागते. गल्ली अरुंद असली की सक्शनची गाडी दाराशी पोचत नाही. टाकीत माणूस उतरवून हाताने साफसफाई करून घेण्यास 2013च्या कायद्याने मनाई आहे आणि ती योग्यच आहे. पण मग लांब पाइप, जास्त फेऱ्या, जास्त पैसे. टाकीवरची लादी तपासायला तर कुणी फिरकतही नाही. मानखुर्दला फेब्रुवारी 2017 मध्ये शौचालयाची जमीन खचली आणि तिघांचा टाकीत पडून मृत्यू झाला.

निविदेत बांधकामाच्या रकमेशेजारीच पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम छापणं सक्तीचं करायला हवं. तोवर तुमच्या वॉर्डात नवं शौचालय मंजूर झालं, तर नगरसेवकाला एवढंच विचारा: विजेचं बिल कोण भरणार आणि टाकी कोण उपसणार?