नाताळ साऱ्या जगाचा, चूल मात्र बाईची

डिसेंबर लागला की आता आपल्या खोपोलीच्या बाजारातही लाल टोप्या लटकू लागतात. शाळेतून चिठ्ठी येते, 'मुलाला सांताक्लॉजच्या वेशात पाठवा', आणि आई दाढीसाठी कापूस शोधत फिरते. टीव्हीवर नाताळ दिसतो तो नेहमी एकच, बर्फ, झाड आणि केक. मला मात्र दरवर्षी एकच प्रश्न पडतो. तो केक, ते जेवण करायला स्वयंपाकघरात कोण उभं असतं?

लांब कशाला, आधी आपल्या शेजारीच बघू या. 'नाताळ' हा शब्दच मुळी पोर्तुगीज, अर्थ जन्म. पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यात, वसईत आला आणि इथलाच होऊन गेला. गोव्यातल्या नाताळच्या ताटात केकच्या शेजारी नेवऱ्या असतात. नेवरी म्हणजे आपली करंजीच की! सोबत नारळाच्या रसातला, घोटून घोटून हात भरून येतील असा दोदोल, एकेक थर भाजत केलेली बेबिंका आणि काट्यावर नाहीतर नव्या फणीवर एकेक करून वळलेले कलकल. ही ताटं झाकून शेजारीपाजारी जातात, अगदी आपल्या फराळासारखी.

माझी एक मैत्रीण मूळची वसईची, लग्न होऊन इकडे आलेली. तिला विचारलं, "नाताळच्या रात्री मिस्साला जाताना काय वाटतं गं?" ती हसून म्हणाली, "झोप येते बाई! आठवडाभर कढई खाली उतरलेली नसते." मला लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आठवली. नवी साडी नेसलेली असते, पण कधी एकदा पाठ टेकते असं झालेलं असतं. नाही का?

आता जरा दूर जाऊ. इथिओपियात नाताळ ७ जानेवारीला, कारण त्यांचं कॅलेंडर वेगळं. चाळीसहून अधिक दिवसांचा उपास सोडायचा असतो. त्या दिवशी पुरुष आणि पोरं वाकड्या काठ्यांनी आपल्या हॉकीसारखा खेळ खेळतात. सणाचं आणि खेळाचं नाव एकच, गेन्ना. आणि बाया? ढीगभर कांदा तासन् तास परतून कोंबडीचा रस्सा शिजवतात. पोलंडमध्ये २४ डिसेंबरच्या रात्री बिनमांसाचे बारा पदार्थ करायची रीत आहे. अवचित पाहुणा आला तर म्हणून एक ताट जास्तीचं मांडून ठेवतात. किती सुंदर चाल! पण ते जास्तीचं ताट धरून बारा पदार्थ रांधायचे कुणी, हे काय सांगायला हवं?

मग सगळीकडे असंच का? तसंही नाही. फिलिपिन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर रोज पहाटे मिस्सा असते. चर्चबाहेर केळीच्या पानावर भाजलेला तांदळाचा केक, बिबिंका, गरमागरम विकायला असतो. आपल्या पानगीचा लांबचा भाऊच तो! लोक तिथेच खातात. जपानमध्ये तर ख्रिस्ती माणसं मूठभर, नाताळची सुट्टीही नाही. पण १९७४ साली केंटकी फ्राइड चिकनने जाहिरात केली आणि तेव्हापासून नाताळला तळलेली कोंबडी विकत आणायची, हीच तिथली रीत झाली. विकतचं आणलं म्हणून कुणाचा सण बाटत नाही. आपल्याकडे मात्र चकली बाहेरून आणली की, "यंदा काही केलं नाहीस वाटतं?"

पण मला सगळ्यात आवडला तो आयर्लंडचा रिवाज. तिथे कॉर्क, केरी या भागांत ६ जानेवारीला, सणाचे बारा दिवस संपले की, 'बायकांचा नाताळ' असतो. त्या दिवशी घरकाम पुरुषांनी करायचं आणि बायकांनी एकमेकींकडे जायचं, चहा प्यायचा, गप्पा मारायच्या. मध्यंतरी ही चाल मागे पडली होती, आता पुन्हा जोर धरते आहे. मला यातलं खरं मोल वाटतं ते तारखेचं. दिवस ठरलेला असला की सुट्टी मागावी लागत नाही. मागितलेली सुट्टी ही मेहेरबानी असते, ठरलेली सुट्टी हक्काची असते.

आमच्या साजगावचंच बघा. दिवाळीचा पाडवा होऊन दहा दिवस होतात न होतात तोच कार्तिकी एकादशीची यात्रा. फराळाचे डबे घासून होत नाहीत तो पाहुण्यांच्या भाकऱ्या. यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो, म्हणून आमचा विठोबा 'बोंबल्या विठोबा'! पंढरीच्या देवाला गावाने असं आपल्यासारखं करून घेतलं. ज्या गावाने विठोबाच्या नावात बोंबील घातला, त्याला एक नवी चाल पाडणं अवघड का जावं? माझं म्हणणं एवढंच, यात्रा उठली की दुसऱ्या दिवशी घराघरात चूल पुरुषांची. वर्षातून एक दिवस, कॅलेंडरवर खूण केलेला.

काही मैत्रिणी म्हणतील, "अगं, सणाचं करायची हौस असते आपल्याला." असतेच. मलाही आहे. पण हौस कुणाची हे कळतं कधी? एखाद्या वर्षी नाही केलं तरी कुणी बोलत नाही, तेव्हा. एका दिवसाने बाईचे कष्ट संपणार नाहीत, हे मलाही कळतं. पण घरातल्यांना ते मोजता तरी येतील.

आणि हो, त्या दिवशी पिठल्यात गुठळ्या झाल्या तर नावं ठेवायची नाहीत बरं का. आपण केलेलं पहिलं पिठलं आठवायचं!