बाळाला जमीन मिळू द्या

साडेपाच महिन्यांच्या बाळाला सतरंजीवर बसवलं की ते दोन्ही तळहात पुढे टेकतं आणि बेडकासारखं वाकून राहतं. पाठीची कमान झालेली, मान वर, नजर समोरच्या स्टीलच्या वाटीवर. वाटीकडे एक हात गेला की तोल गेलाच. बाळ कुशीवर कलंडतं आणि घरातलं कुणीतरी ‘अगं बाई, पडलं पडलं’ करत धावतं. बाळ कडेवर येतं, वाटी त्याच्या हातात येते, सगळे हसतात.

बाळाचं मात्र अर्धं काम राहून जातं. कलंडता कलंडता त्याचं पोट, पाठ आणि मांड्या स्वतःला सावरू पाहत होत्या. बसणं शिकायचं ते नेमकं तिथेच. आजच्या मराठी घरात बाळाला दुपट्यांपासून खेळण्यांपर्यंत सगळं मिळतं. सकाळी मांडी, दुपारी पाळणा, संध्याकाळी कड, बाहेर जाताना बाबागाडी. पाठ टेकायला काही ना काही सतत असतंच, आणि जमिनीवर घालवलेला वेळ मोजू गेलं तर फार थोडा निघतो.

बसण्याची तयारी फार आधी सुरू होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरली जाते. मग बाळ पालथं पडतं, कोपरांवर छाती उचलतं, पुढे तळहातांवर जोर देतं. खांदे आणि पाठ यातूनच घट्ट होतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की ज्या बाळाला अजून सरकता येत नाही त्याला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पालथं खेळू द्यावं आणि बाबागाडीत किंवा खुर्चीत एका वेळी तासाभराहून जास्त अडकवून ठेवू नये. झोपवायचं मात्र पाठीवरच. पालथं खेळताना मोठं माणूस शेजारी हवं. पहिल्यांदा बाळ दोन मिनिटांतच कुरकुरतं; तेव्हा आईने किंवा आजोबांनी स्वतः त्याच्यासमोर जमिनीवर पालथं पडावं. समोर ओळखीचा चेहरा असला की बाळ मान वर ठेवतं.

आणखी एक गोष्ट घराघरात सांगायला हवी. तोल जाताना हात टेकून स्वतःला वाचवायची सवय बाळाला एकदम लागत नाही. आधी पुढे हात टेकता येतो, मग बाजूला आणि सर्वांत शेवटी मागे. सातव्या महिन्यात छान बसणारं बाळही म्हणूनच धाडकन मागे पडतं. त्याला चारी बाजूंनी उशांनी चिणून टाकलं तर कमरेला कामच उरत नाही. मागे जाड गोधडी अंथरावी, मोठ्या माणसाने पाय पसरून त्याच्यामागे बसावं, हात जवळ ठेवावेत, पण अंगाला लावू नयेत.

‘सहावा लागला, अजून बसत नाही?’ हा प्रश्न घरी आलेल्या पाहुण्यांपासून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या भावकीपर्यंत सगळे विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या हालचालींची नोंद करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसण्याचा काळ त्यात ३.८ ते ९.२ महिने असा निघाला. दोन धडधाकट बाळांत पाच महिन्यांहून जास्त अंतर असू शकतं! हे ठाऊक असलेल्या आईला शेजारच्या बाळाचा व्हिडिओ बघून रात्र जागवावी लागणार नाही.

बाळाला बसायला शिकवावं की त्याचं त्याला बसू द्यावं, यावर जगभर दोन टोकांची मतं आहेत. केनियातल्या किप्सिगिस समाजातल्या आया बाळाला मुद्दाम बसायला शिकवतात. जमिनीत लहानसा खड्डा करून, त्याच्या कडांचा आधार देऊन त्याला बसवतात. चार्ल्स सुपर या अभ्यासकाने १९७६ मध्ये दाखवलं, की ही मुलं बसायला लवकर शिकतात, पण जे त्यांना कुणी शिकवत नाही त्या रांगण्यात ती पुढे नसतात. उलट बुडापेस्टच्या बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या बालगृहात बाळाला कुणी बसवायचंच नाही असा नियम होता. जे स्वतःहून बसेल तेच बसणं. दोन्हीकडे बाळं वाढली, चालली, धावली. एकमेकींच्या विरुद्ध वाटणाऱ्या या पद्धतींत एक गोष्ट सारखी आहे. दोन्हीकडे बाळ जमिनीवर आहे, साच्याच्या खुर्चीत नाही.

कॅमेरून, केनिया, इटली, दक्षिण कोरिया, अर्जेंटिना आणि अमेरिका या सहा देशांतल्या पाच महिन्यांच्या बाळांचं त्यांच्या घरी निरीक्षण केलं गेलं, ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. कॅमेरून आणि केनियातली बाळं आधाराशिवाय सर्वांत जास्त वेळ बसत होती, काही तर वीस मिनिटांहून अधिक. ज्या घरांत मोकळं बसायची संधी मिळत होती, तिथे बसणं आधी येत होतं.

बाजारातल्या फोमच्या खुर्चीत बाळ बसलेलं दिसतं, पण बसवलेलं असतं खुर्चीने. चाकांच्या वॉकरवर तर कॅनडाने २००४ मध्ये बंदीच घातली, कारण त्यातून बाळं जिन्यावरून कोसळत होती. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो धरायला मुलाला आधी स्वतः उभं राहावं लागतं.

बसल्यावर हात मोकळे होतात, ही या टप्प्याची खरी कमाई. वाटी उलटी करून बघायची, आपटायची, या हातातून त्या हातात घ्यायची, हे सगळं बसलेल्या बाळालाच नीट साधतं. आपण किती वाकलो तर पडू, याचा हिशेबही ते करू लागतं. न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्या प्रयोगात बाळांसमोर कमी-जास्त करता येणारी फट ठेवली होती. बसलेली असताना ती फटीपलीकडच्या खेळण्याकडे जपून वाकत. तीच बाळं नुकतीच रांगायला लागलेली असल्याने रांगताना सरळ फटीत झेपावत, आणि त्यांना झेलावं लागे. बसण्यातलं शहाणपण रांगण्यात आपोआप उतरलं नव्हतं. ते पुन्हा मिळवावं लागतं, तेही जमिनीवरच.

ही जमीन सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. बीडहून ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याचं बाळ फडाच्या कडेला झोळीत असतं. खाली पाचट, ढेकळं, किडे. तिथल्या आईला ‘पालथं घाल’ सांगणं क्रूरपणाचं आहे. शहरातल्या नोकरदार आईला २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा मिळाली, पण त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधी गेले तर ती कामावर परतते तेव्हा बाळ अजून हात टेकूनच बसत असतं. बांधकामावर पन्नासहून जास्त स्त्रिया असतील तर पाळणाघर हवं, ही अट १९९६ च्या कायद्यातच आली. तरीही वाळूच्या ढिगाजवळ साडीच्या झोळ्या लोंबताना दिसतात. पाळणाघर म्हणजे फक्त पाळणे नव्हेत. स्वच्छ फरशी, वर सतरंजी आणि लक्ष ठेवणारी एक बाई, एवढं फडावर आणि बांधकामावर उभं करणं कारखान्यांना आणि बिल्डरांना अशक्य नाही.

धीर धरण्यालाही हद्द असते. बाळ नऊ महिने पूर्ण होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, चौथा महिना संपूनही मान सावरत नसेल, अंग फार ताठ किंवा फार ढिलं लागत असेल, किंवा आधी जमणारी गोष्ट बंद झाली असेल, तर ‘याचा बापही उशिरा बसला होता’ म्हणून थांबू नये. दिवसांआधी जन्मलेल्या बाळाचे महिने मात्र ठरलेल्या तारखेपासून मोजावेत. तपासणीची सोय कागदावर आहे: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली, आणि आशाताईंच्या घरभेटींत नववा महिनाही येतो. गोवर-रुबेलाची पहिली लसही नऊ महिने भरल्यावरच असते. त्या दिवशी सुई टोचण्याआधी बाळाला दोन मिनिटं खाली बसवून बघावं आणि कार्डावर नोंद करावी. त्यासाठी प्रत्येक उपकेंद्रात एक धुतलेली सतरंजी हवी.