सिकलसेल आणि ‘सदोष रक्ता’चे मिथक

१/ ‘आदिवासींच्या रक्तातच दोष आहे,’ असे सिकलसेलविषयी आजही सहज बोलले जाते. हे विधान अपमानकारक तर आहेच, शिवाय ते इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. #थ्रेड

२/ १९१० साली शिकागोतील डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकी वैद्यकाने हा ‘निग्रो रक्ताचा’ आजार ठरवला. गोऱ्या रुग्णात तो आढळला, तर त्याच्या वंशावळीवरच संशय घेतला जाई!

३/ कोडे मात्र निराळेच होते. आई व वडील दोघांकडून हे जनुक मिळालेली मुले पूर्वी बहुधा बालपणीच दगावत. मग हे जनुक नामशेष का झाले नाही?

४/ १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून उत्तर दिले. जनुकाची एकच प्रत असलेल्या वाहकांना जीवघेण्या हिवतापापासून मोठे संरक्षण मिळते. म्हणूनच व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी हे जनुक विपुल आणि केनियाच्या उंच, कोरड्या प्रदेशांत विरळ आढळले.

५/ ग्रीसमधील कोपाइसचा पूर्वीचा दलदली प्रदेश, नीलगिरीतील जमाती (नोंद १९५२), सातपुड्यातील भिल्ल-पावरा, गडचिरोलीतील माडिया, विदर्भातील दलित समाज. यांचा वंश एक नाही, धर्मही एक नाही. या सर्वांच्या पूर्वजांनी हिवताप मात्र पिढ्यान्‌पिढ्या सोसला.

६/ म्हणून या जनुकाला ‘वरदान’ म्हणणेही तितकेच चूक. संरक्षण वाहकाला मिळते; किंमत मोजते ते दोन प्रती घेऊन जन्मलेले मूल. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता चारात एक असते.

७/ वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. हा भेद पुसला की काय होते? नोबेलविजेते लायनस पॉलिंग यांनी १९६८ मध्ये वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवण्याची सूचना केली. अमेरिकी वायुदलाच्या अकादमीने १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश नाकारला.

८/ भारतात २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. तपासणी, समुपदेशन, औषधे हवीतच. परंतु तपासणीचे कार्ड सोयरीक मोडण्याचे साधन ठरले, तर पॉलिंग यांची ती खूण आपणच गोंदवलेली असेल. निर्मूलन आजाराचे करायचे आहे. वाहकांच्या प्रतिष्ठेचे नव्हे.