पाठ वाकडी नाही, दांडा आखूड आहे

पाठीचं दुखणं असलेल्या माणसानं कुदळीबद्दल कुरकुर केली, की त्याला एक म्हण हमखास ऐकावी लागते: नाचता येईना, अंगण वाकडं. म्हण खोटी नाही. पण ती ऐकवणारा अंगण बघायच्या फंदात पडत नाही. परसात चार वाफे करायचे असोत की लिंबाला, शेवग्याला खड्डा घ्यायचा असो, जालन्याच्या बाजारात मिळणाऱ्या कुदळीचा दांडा अडीच-तीन फुटांचा. दुकानाबाहेर दांड्यांच्या मोळ्या उभ्या असतात, सगळे जवळपास एका मापाचे. त्यातला लांब दांडा मागितला, तर उलट प्रश्न येतो, "एवढा लांब कशाला, भाऊ? झेंडा लावायचाय का?" साडेपाच फूट उंचीच्या माणसानं तो तीन फुटी दांडा हातात घेतला, की कमरेतून वाकण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. मग सांगा, वाकडं काय आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे. खणायचं हत्यार खणणाऱ्याच्या अंगाच्या मापाचं हवं, आणि कमीत कमी वाकून काम उरकायला बघणं हा आळस नव्हे. याला विरोध करणारे चार पक्ष आहेत. त्यांचं ऐकून घेऊ आणि एकेकाला उत्तर देऊ.

पहिला पक्ष वाडवडिलांचा. "आमच्या आजोबांनी याच कुदळीनं विहिरी खणल्या." खणल्या असतील. पण त्याच आजोबांच्या बरोबरीची, पुढं कंबर कायमची वाकलेली किती माणसं गावात काठी टेकत फिरायची, हेही जरा आठवून बघावं. ज्यांची पाठ टिकली त्यांच्या गोष्टी झाल्या. ज्यांची गेली ते ओसरीवरच्या बाजेवर पडून राहिले, त्यांच्या गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत.

शिवाय जालन्यानं तरी वाडवडिलांचा दाखला देऊ नये. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको ही कंपनी सुरू केली आणि संकरित बियाण्याच्या धंद्यानं या गावाचं नाव देशभर झालं. त्या कामासाठी १९९८ साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बघता बघता शिवारं त्यानं भरली. कडवंचीसारख्या कोरडवाहू गावानं पाणलोटाची कामं केली, शेततळी घेतली, ठिबक अंथरलं, द्राक्षबागा उभ्या केल्या. आजोबांचं बियाणं सोडलं, मोट सोडली, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आणला. त्याला कुणी चोचले म्हटलं नाही. मग आजोबांचा दांडाच तेवढा सोवळ्यात ठेवायचा का?

याचं उत्तर शेतात बघितलं की मिळतं. नांगरट, पेरणी, फवारणी ही पुरुषांच्या हातातली कामं यंत्रावर गेली. निंदणी-खुरपणी बायकांकडे राहिली आणि खुरप्याची मूठही होती तेवढीच राहिली. जे काम स्वतःला करायचं नसतं, त्याचं हत्यार सुधारायची घाई कुणालाच नसते.

दुसरा पक्ष कारागिरीचा. "जमिनीजवळ गेल्याशिवाय काम नीट होत नाही. लांब दांड्यानं रोपं तुटतात." हा युक्तिवाद एका देशात थेट न्यायालयात गेलेला आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात सॅलडच्या आणि बीटच्या शेतांत विरळणी करायला जे खुरपं देत, त्याचा दांडा फूटभराचा असे. स्पॅनिश बोलणारे मजूर त्याला 'एल कोर्तितो', म्हणजे आखूडबुवा म्हणत. शेतमालकांचं म्हणणं अगदी आपल्यासारखं: लांब दांड्यानं पिकाची नासाडी होईल. मुकादमांना त्याचा आणखी एक फायदा होता. कोण काम करतंय आणि कोण उभं राहिलंय, ते लांबूनच दिसे. पाठ सरळ केली की माणूस कामचुकार ठरे.

मजुरांनी तक्रार केली, तेव्हा सरकारी खात्यानं नियमावर बोट ठेवलं. असुरक्षित हत्यार म्हणजे मोडकं, सदोष हत्यार. हे तर धडधाकट आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं हा अर्थ फेटाळला. हत्यार धड असलं तरी ते वापरताना अंगाची नासाडी होत असेल, तर तेही असुरक्षितच, असा त्या निकालाचा मथितार्थ. त्याच वर्षी आखूड दांड्यावर बंदी आली. मजूर लांब दांड्याची खुरपी घेऊन उभे राहिले आणि सॅलड काही कॅलिफोर्नियातून नाहीसं झालं नाही. आपल्याकडचं सायकल कोळपं तरी दुसरं काय सांगतं? दोन ओळींमधलं तण माणूस उभ्यानं, चालता चालता काढतो. रोपाच्या अगदी बुडाशी हात घालावा लागतो, हे खरं. पण त्या वीतभर जागेसाठी अख्ख्या वाफ्याला वाकून नमस्कार घालत बसायचं कारण नाही.

तिसरा पक्ष मायेचा, म्हणून जास्त अवघड. "पाठ दुखते ना? मग खणूच नका. पडून राहा, एखादा गडी लावा." गडी लावायला पैसा लागतो आणि परसातल्या तासाभराच्या कामाला गडी मिळत नाही, हे एक. दुसरं म्हणजे, पडून राहणं हे औषध आहे ही समजूत वैद्यकानं कधीच मागं टाकली आहे. १९८६ साली अमेरिकेत दोन दिवस आणि सात दिवस अंथरुणावर राहायला सांगितलेल्या रुग्णांची तुलना झाली. सात दिवसांनी जास्तीचं काही पदरात पडलं नाही, कामाचे दिवस मात्र बुडाले. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या अभ्यासात तर नेहमीची कामं झेपतील तशी चालू ठेवणारेच लवकर सावरले. याचा अर्थ दुखणं अंगावर काढावं असा नाही. पाय बधिर होत असेल, पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर कुदळ टाकून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पण नेहमीच्या कुरकुरणाऱ्या पाठीला बाग वर्ज्य करणं म्हणजे तिला आणखी दुबळी करणं.

याच पक्षाची एक शाखा म्हणते, खणायचंच कशाला? ही शाखा निम्मी बरोबर आहे आणि तेवढं मी मोकळेपणानं कबूल करतो. अमेरिकेतल्या रूथ स्टाउट या बाईंनी १९५५ साली पाठ न दुखवता बाग कशी फुलवावी यावर पुस्तक लिहिलं. त्यांचा सगळा भर जमिनीवर गवताचं जाड आच्छादन टाकण्यावर होता. आपल्याकडे नेरळचे चंद्रशेखर भडसावळे गादीवाफा एकदाच करून पुढं नांगरट न करण्याची पद्धत शेतकऱ्यांना शिकवत आले आहेत. परसातल्या वाफ्याला हे तत्त्व छान लागू पडतं: एकदा खणा, पालापाचोळ्यानं झाका, पुन्हा पुन्हा उलथापालथ करू नका. पण ते 'एकदा' चुकत नाही. आणि मोसंबी, लिंबू, शेवगा लावायचा तर खड्डा लागतोच.

चौथा पक्ष बाजाराचा. "कमरेला पट्टा बांधा, नाहीतर ऑनलाइन हलकं परदेशी हत्यार मागवा." पट्ट्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात पट्टे आणि कमरेचे आधार नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असंच म्हटलं आहे. व्यायाम आणि दुखण्याची नीट समज यांना मात्र तिथं जागा आहे. आता हलकं हत्यार. अशा जाहिरातींच्या चित्रातली सरळ पात्याची स्पेड पायानं दाबून जमिनीत घालायची असते. त्यासाठी पायात जाड तळाचा बूट लागतो. स्लिपर घालून दाबायला गेलात तर आधी तळवा कापेल. शिवाय पातळ पत्र्याचं पातं एप्रिलमधल्या जालन्याच्या काळ्या जमिनीत घातलं, तर जमीन जागची हलत नाही, पातं मात्र दुमडतं. हलकं म्हणजे सोपं, हा हिशेब इथं लागू होत नाही.

इथपर्यंत खंडन झालं. आता काय घ्यावं ते सांगतो, कारण नुसतं खंडन करून खड्डा खणून होत नाही.

पाठीचं वैर वजनाशी तेवढं नाही, जेवढं वाकण्याशी आहे. जर्मनीत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत दाब मोजायचं उपकरण बसवलं होतं. तो सैल उभा असताना दाब ०.५ मेगापास्कल होता. रिकाम्या हातानं पुढं वाकला तर १.१. वीस किलोचं ओझं छातीशी धरून सरळ उभा राहिला तरीही १.१. तेच ओझं पाठीची कमान करून उचललं तेव्हा २.३. प्रयोग एकाच माणसावरचा आहे, पण त्यातलं गणित पुरेसं बोलकं आहे. रिकाम्या हातानं वाकणं त्या चकतीला वीस किलो कवटाळण्याएवढं पडलं. आखूड दांड्याची हलकी कुदळ पाठीला महाग का पडते आणि पाच-सहा किलोंची पहार स्वस्त का पडते, ते यात आलं.

म्हणून दुखऱ्या पाठीसाठी खणायचं पहिलं हत्यार मी पहारच सांगेन. ती अंगाजवळ, उभ्यानं, सरळ वर उचलायची आणि सोडून द्यायची. जमीन फोडायचं काम तिचं वजन करतं. तिला जमिनीवर हाणायचा मोह टाळायचा. टोक आत गेलं की दांडी मागं रेटून ढेकूळ उचकटायचं. दुसरं हत्यार चार दात्यांचा, उभ्या दांड्याचा काटा, ज्याला बागवाले गार्डन फोर्क म्हणतात. ओलसर जमिनीत दाते पायानं दाबायचे, दांडा मागं ओढायचा, माती भुसभुशीत होते. ती उचलून पालथी घालायची गरज नसते. बूट इथंही हवेच.

आता दांडा. नुसता लांब दांडा घातला की झालं, असं सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. उभं राहून जवळची जमीन ओढायची तर दांडा जितका उभा धरला जातो, तितकं काटकोनातलं पातं जमिनीवर आडवं पडतं. तण खरवडायला ते उत्तम. खणायला गेलात तर पातं घसरतं. म्हणून ओढायच्या आणि ढकलायच्या हत्याराला, म्हणजे दाताळं, लांब खुरपं यांना, दांडा खांद्यापासून हनुवटीपर्यंत येईल एवढा ठेवावा. डोक्यावरून घाव घालायच्या कुदळीला मात्र तो नियम नाही. लांब दांड्याच्या टोकाला जड लोखंड म्हणजे खांद्याचा सूड. कुदळ वापरायचीच असेल तर दांडा फूटभर वाढवून पातं हलकं घ्या आणि ते लोहाराकडून थोडं उघडून घ्या, म्हणजे उभ्यानं मारलेला घावही मातीत शिरेल. सळयांच्या गिरण्यांच्या या गावात लोखंडाला तोटा नाही. पात्याचा कोन बदलून देणारा हात शोधायला फार हिंडावं लागू नये.

हत्याराइतकीच वेळ महत्त्वाची. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते आणि पावसात फावड्याला चिकटून त्याचं वजन दुप्पट करते. या दोन्हींच्या मधे वाफसा असतो. मूठभर माती दाबून गोळा झाला आणि बोटानं टिचकी मारल्यावर फुटला, की समजायचं वाफसा आहे. उन्हाळ्यात खड्डा घ्यायचा असेल तर आखणी करून तिथं पाणी सोडावं, मुरू द्यावं, वाफशावर आलं की खणावं. वाफशावरची माती पहारीच्या दोन घावांत सुटते. सुकलेली तीच माती दहा घाव खाते.

शेवटी उचलणं. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा म्हणजे आठ घनफूट. घनफुटाला पस्तीस किलो धरले तरी दोनशे ऐंशी किलो माती झाली. ती एका दमात, भरल्या घमेल्यांनी बाहेर काढणं हाच खरा घात. घमेलं अर्धं भरायचं, गुडघ्यात वाकून अंगाजवळ धरायचं आणि माती टाकताना कंबर पिळायची नाही, पाय वळवायचे. खड्डा दोन-तीन दिवसांत वाटून घेतला तर लिंबाचं झाड काही रुसत नाही. खुरपायला बसायचं असेल तर उकिडवं बसण्यापेक्षा एक गुडघा टेकून, नाहीतर बुटक्या स्टुलावर बसून, आणि मधे मधे हात बदलून.

यातलं काहीही महाग नाही. दांडा बदलणं, पात्याचा कोन उघडणं, मातीला वाफशावर येऊ देणं, घमेलं अर्धं भरणं, यांना अनुदान लागत नाही आणि परदेशी माल तर मुळीच लागत नाही. लागतं ते एवढंच, की सरळ पाठीनं काम करणाऱ्याला कामचुकार म्हणायची सवय सोडावी. एवढं सांगूनही ज्याला हे चोचले वाटत असतील, त्यानं भर एप्रिलमध्ये तीन फुटी दांड्याच्या कुदळीनं दोन फुटी खड्डा खुशाल एका दमात खणून दाखवावा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणाचा हात न धरता, अंथरुणातून उठूनही दाखवावं.